रांगेतला नंबर आणि कावळ्याचं पान

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यातल्या २०२४ च्या सप्टेंबरच्या पानावर, २२ तारखेच्या चौकोनात, दोन वेगवेगळी अक्षरं आहेत. वर आईच्या बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात 'ह्यांची पंचमी'. खाली हिरव्या जेल पेनाने लेकीच्या अक्षरात '१२ वा. तिकीट!!!'. चौकोन एवढासा, त्यामुळे लेकीचं तिसरं उद्गारचिन्ह सोमवारात घुसलंय. आधी कोणी लिहिलं माहीत नाही. दोघींनी एकमेकींचं वाचलं असणारच, पण कोणी काही बोललं नाही, आणि माझ्या लक्षात आलं तेव्हा शनिवारची रात्र झालेली, उडदाची डाळ भिजत घातलेली होती आणि लेक चार फोन चार्जिंगला लावत होती.

म्हणजे बाबांचं पक्षाचं पान आणि कोल्डप्ले ह्या इंग्लिश बँडच्या कॉन्सर्टची तिकिटं, एकाच दिवशी, एकाच दुपारी.

भाऊ दुबईला असतो, त्यामुळे पानाचं सगळं आई आणि मीच बघतो. गुरुजींनी चालतं म्हणून सांगितलंय. पण पितृपक्षातले गुरुजी म्हणजे दिवाळीतला शिंपी, साडेअकरा म्हणाले की पाऊणच्या आत येत नाहीत. तोवर वडे, खीर, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, अळूचं फतफतं, आमसुलाची चटणी, आल्याची चटणी असं सगळं ओट्यावर मांडून झालं होतं आणि माझा फोन मिक्सरला टेकवून उभा होता, कारण बारा वाजता रांग उघडणार होती. उघडली म्हणजे काय, आधी ॲपच बंद पडलं, मग चालू झालं, मग आकडे आले. माझ्यापुढे आठ लाख आणि वर काहीतरी माणसं. लेकीपुढे पाच लाख. कल्याणच्या माझ्या मैत्रिणीपुढे अकरा लाख. नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता त्यालाही लेकीने रांगेत उभं केलं होतं, त्याच्यापुढे किती ते त्याने बघितलंसुद्धा नाही. नंतर पेपरात आलं की त्या दिवशी एक कोटीपेक्षा जास्त लोकांनी तिकिटासाठी प्रयत्न केला. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये एका वेळेला माणसं मावणार पन्नास हजारांच्या आसपास, आणि शो तेव्हा दोनच होते, १८ आणि १९ जानेवारी. आकडा एक-एक कमी होत होता, मध्येच थिजत होता, आणि मी हातातला वडा तळहातावर थापून, भोक पाडून, तेलात सोडून परत आकड्याकडे बघत होते. एक वडा करपला. तो बाजूला ठेवला, पानावर करपलेला वाढत नाहीत.

आई म्हणाली, "पितृपक्षात कुणी नवी खरेदी करतं का?"

लेक म्हणाली, "आजी, ही खरेदी नाहीये, एक्स्पिरियन्स आहे."

"मग एक्स्पिरियन्स सर्वपित्रीनंतर घ्या."

दुपारी बातमी आली की तिसरा शो वाढवलाय, २१ तारखेचा, मंगळवार, आणि त्याची विक्री दोन वाजता सुरू. आमचं पान तयार होऊन गच्चीवर जायला बरोब्बर दोन वाजले. हा योगायोग वगैरे काही नाही, गुरुजी उशिरा आले एवढंच. पण गच्चीच्या कठड्यावर केळीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले, आणि माझ्या डाव्या हातातला फोन थरथरला. माझा नंबर लागला होता. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये, नंबर लागला की आत सोडतात आणि मग घड्याळ सुरू होतं, थोड्याच मिनिटांत जागा निवडा, पैसे भरा, नाहीतर बाहेर. तिकडे ठाण्यातली, आमच्या नौपाड्यातली समस्त कबुतरं पानावर उतरायला लागली होती. आमच्याकडे आता कावळे असे राहिलेच नाहीयेत, जो काही एखाद-दुसरा आहे त्याला पितृपक्षात इतक्या गच्च्यांवरून आमंत्रण असतं की तो खिरीकडे बघतसुद्धा नाही. कबुतरं मात्र ब्लॅकवाल्यांसारखी, आपली नसलेली जागा धरून बसायला कायम तयार. दरवर्षी माझं काम कबुतरं हाकलायचं असतं. त्या वर्षी आई एकटीच पदराने हाकलत होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, आणि मी टाकीच्या सावलीत पाठ करून उभी, कारण उन्हात स्क्रीन दिसत नव्हता. किती तिकिटं? एका माणसाला चार मिळणार होती. मी तीन दाबलं. साडेचार हजारवाली, स्टँडमधली, बसायची. मी, लेक, मैत्रीण. ओटीपी आला, चक्र फिरलं, फिरलं, आणि हिरवी बरोबरची खूण.

मी ओरडले, "आई, मिळाली!" आणि त्याच क्षणाला मागून आई म्हणाली, "शिवला गं."

वळून बघितलं तर पानावर कबुतरं होती आणि एक वडा कमी होता.

मी कावळा बघितलाच नाही.

आता ह्याला चार महिने काय, किती महिने झाले तरी ते डोक्यातून जात नाही. मी श्रद्धाळू वगैरे नाहीये, कावळा शिवला नाही तर बाबा उपाशी राहतील असं मला वाटत नाही. पण वर्षातून एकदा त्या कठड्याकडे टक लावून पाच-दहा मिनिटं उभं राहायचं, एवढंच तर काम असतं. दुसरं काही करायचं नसतं. बाबा गेल्याला तेरा वर्षं झाली होती आणि त्यातली बाराही वर्षं मी तेवढं केलं होतं. आणि तेराव्या वर्षी मी पाठ फिरवून ओटीपी टाकत होते. वर आई पुटपुटत काय होती? कावळा शिवत नसला की त्यांची इच्छा पुरी करू असं काहीतरी कबूल करायचं असतं. आईने काय कबूल केलं, हे मला त्या दिवशी विचारता आलं नाही, कारण खाली गुरुजी दक्षिणेसाठी थांबले होते आणि लेक जिन्यात नाचत होती.

खरं म्हणजे कार्यक्रमाला जायचं प्लॅनिंग ही बाबांचीच खोड. डिसेंबर आला की ते सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, पुण्याला जायचे. तेव्हा सवाई रमणबागेच्या मैदानावर असायचा आणि रात्ररात्र चालायचा, पहाटे शेवटचे बुजुर्ग बसायचे. बाबांचं सगळं आधी ठरलेलं. भारतीय बैठकीचं तिकीट, म्हणजे सतरंजी आपली, जागा ज्याची त्याने धरायची. मफलर दोन, एक गळ्याला, एक डोक्याला. पिशवीत पेपर, पेपर कशाला तर एक वाचायला, एक अंगाखाली. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, आणि थर्मास. तिसऱ्या दिवशी सकाळी सिंहगड एक्स्प्रेस पकडून ठाण्याला उतरायचे ते डोळे तांबारलेले आणि आवाज बसलेला, जसे काही हेच गात होते. नाटकाचंही तसंच. गडकरी नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन लागायचा त्या सकाळी बाबा रांगेत. आत्ताच्या मुलांना प्लॅन म्हणजे काय ते सांगावं लागतं, खिडकीतल्या माणसापुढे खुर्च्यांचा छापील तक्ता असायचा आणि जी खुर्ची गेली तिच्यावर तो पेन्सिलीने फुली मारायचा. बाबा खिडकीत मान घालून उलटा तक्ता वाचायचे आणि सांगायचे, "तो खांब टाळा हो, जी घ्या, जी मधलं." रांगेतल्या माणसाला निदान आपल्या पुढच्याची पाठ दिसायची. मला आठ लाख माणसांपैकी एकाचीही दिसली नाही.

आणि ह्याच बाबांनी १९९६ मध्ये मला मायकल जॅक्सनला जाऊ दिलं नव्हतं. १ नोव्हेंबर, अंधेरीचं क्रीडासंकुल. मी सोळा वर्षांची, बिल्डिंगमधली तीन मुलं-मुली एका दादाबरोबर निघालेली. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "रात्री परत कशी येणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनाही उत्तर नको होतं. दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो मी कापून वहीत चिकटवला आणि पुढच्या महिन्यात ते सतरंजी गुंडाळून पुण्याला गेले. तेव्हा मला ह्यातला विरोध दिसला नाही. राग आला होता, पण तो वेगळ्याच गोष्टीचा, की माझ्या चपलांचा विषयच निघाला नाही, मी ठरवून ठेवलं होतं की कुठल्या घालायच्या.

त्यामुळे जानेवारीच्या प्लॅनिंगमध्ये पहिला प्रश्न आपोआप तोच आला. परत कसं येणार. मैत्रिणीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात लेकीने तक्ता करून टाकला, आणि चार महिने आमचं तेच चालू होतं. गाडी न्यायची तर पार्किंग कुठे आणि सायन-पनवेल हायवेला रात्री जे काय होईल ते होईल. ट्रेनने तर ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून ट्रान्सहार्बर, पण उतरायचं जुईनगरला की नेरुळला? ह्यावर दोन रविवार गेले. नेरुळचं नाव मोठं म्हणून सगळे तिथे उतरणार, म्हणून आपण जुईनगर, हे लेकीचं लॉजिक. मैत्रिणीचं म्हणणं सगळे असाच विचार करतील. मग एक दिवस ऑफिसातून परस्पर जाऊन मी दोन्ही रस्ते चालून बघितले. हे मी कोणाला सांगितलं नाही. रस्ता चालताना मला वाटलं, खांब टाळा हो.

मंगळवारचा हाफ डे बँकेत मागायचा तर कारण काय द्यायचं. पंचेचाळीसाव्या वर्षी 'कॉन्सर्टला जायचंय' असं म्हणायला जीभ रेटेना. संक्रांत १४ ला होऊन गेली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालूच असतात, म्हणून सांगितलं घरी हळदीकुंकू आहे. शेजारच्या काउंटरवाली म्हणाली, "मग आम्हाला नाही बोलावलं?" आणि दुसऱ्या दिवशी वाण कुठाय म्हणून हात पुढे केला. तिला शेवटी प्लास्टिकची गाळणी आणून दिली. सहा गाळण्या आणाव्या लागल्या, एकीला देऊन भागत नाही.

मध्ये ब्लॅकचं सगळं प्रकरण झालं. अडीच हजारापासून सुरू होणाऱ्या तिकिटांना लोक काय वाटेल त्या किमती सांगत होते, पोलिसांत तक्रारी, हायकोर्टात याचिका. नवरा रात्री हळूच म्हणाला, "तुमची तीन कितीला जातील माहितीये का?" मी त्याच्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, हिशोब मीही केला होता, त्यात एक चांगलं वॉशिंग मशीन येत होतं आणि आमचं तेव्हा पाणी गळत होतं. भाऊ जानेवारीत अबुधाबीच्या शोला जाऊन आला, आमच्या आधी दहा दिवस, आणि त्याने सगळे व्हिडिओ पाठवले. लेकीने ते न उघडता डिलीट केले. मी रात्री बाथरूममध्ये आवाज बंद करून बघितले.

आणि मग थर्मास.

जानेवारीत माळ्यावरून तिळाचं मोठं पातेलं काढताना बाबांचा थर्मास सापडला, तो निळा, चेकसवाला, झाकणाचा कप होतो तो. मला एकदम भरून आलं, म्हणलं हा नेऊया. लेक म्हणाली, "आई, पाण्याची बाटली नेता येत नाही, तू थर्मास काय घेऊन जातेयस." आई तीळ भाजत होती. मागे न वळता म्हणाली, "त्यात सुंठ-जायफळ घालून कॉफी जायची. मीच भरून द्यायचे. मफलर मी विणलेले. दशम्या मी करायचे, आदल्या रात्री." आणि मग तीळ तडतडायला लागले म्हणून गॅस बारीक करून, "इतकी वर्षं गेले, मला कधी म्हणाले नाहीत की तू पण चल. आता मी पण म्हणाले नाही म्हणा, येते म्हणून. तुम्ही दोघं लहान होतात."

मी तो थर्मास हातात धरून तशीच उभी. माझ्या आठवणीत त्या पिशवीतल्या वस्तू नेहमी आपोआप पिशवीत असायच्या. कोण भरतं हा प्रश्नच नव्हता. आईला गाण्यातलं बरंच कळतं, रेडिओवर राग ओळखायची, बाबा चुकले तर दुरुस्त करायची. हे मला माहीत होतं आणि तरी हे दोन तुकडे मी कधी एकमेकांना जोडले नव्हते. मी विचारलं, "आई, तू येतेस का आमच्याबरोबर?" ती हसली. "मला नको बाई तो धिंगाणा. आणि तिकीट कुठाय?" चार मिळत होती. टाकीच्या सावलीत उभं राहून मी तीन दाबलं होतं, आणि चौथ्याचा विचार करून नको म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. मी विचारच केला नव्हता.

तिने शेवटी तिळाच्या लाडवांचा डबा दिला आणि कानात घालायला कापसाचे बोळे. डबा आत जाणार नाही हे माहीत असून आम्ही नेला आणि गेटच्या आधीच्या रांगेत उघडला. पुढे उभी असलेली पोरं कुठून कुठून आलेली, चेहऱ्यावर चमकी लावलेली, त्यांना एकेक लाडू दिला. एकाने हिंदीत विचारलं हे काय आहे, दुसऱ्याने त्याला तोंड भरलेलं असताना 'गोड गोड बोला' समजावून सांगितलं. रिकामा डबा पिशवीत चपटा करता येत नाही, स्टीलचा होता. तो एका वडापाववाल्याकडे ठेवला, त्याने ठेवून घेतला आणि परत येताना दिलाही.

शोबद्दल काय सांगू. पाणी कमी प्यायले होते, कारण आमच्या वयाच्या बायकांचं पहिलं प्लॅनिंग बाथरूमचं असतं, त्यामुळे डोकं दुखत होतं. सगळ्यांच्या मनगटावरचे दिव्यांचे पट्टे एकदम पेटले तेव्हा दुखायचं थांबलं. हजारो हात, सगळे पिवळे, मग सगळे लाल, आणि त्यातला एक माझा, मी काहीही न करता माझा हात बाकीच्यांबरोबर रंग बदलत होता. मैत्रीण रडत होती. लेकीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, जे ती दहावीनंतर करत नाही. सगळं आटोपलं दहाच्या सुमाराला. कायदाच आहे, उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर नाही, गणपतीत आपण तो पाठ केलेला असतो, त्यानेच सवाईच्या रात्री संपवल्या. चार महिने जिचं प्लॅनिंग केलं ती रात्र बाबांच्या हिशोबाने सुरूच झाली नव्हती. जुईनगरला अर्थातच सगळे उतरले होते आणि सगळे चढले. घरी पोचलो तर आई जागी. "जेवलात का?"

२६ जानेवारीला अहमदाबादचा शो हॉटस्टारवर लाइव्ह होता. लेकीने टीव्हीवर लावला. आई परात घेऊन मटार सोलायला बसली, स्वस्त मिळाले म्हणून तीन किलो आणले होते. अर्धा तास मान वर केली नाही, मग एकदा केली ती खाली घातली नाही. स्टेडियमभर निळे ठिपके हलत होते. "हे सगळ्यांच्या हातात होतं? तुमच्यापण?" मी म्हटलं हो, निघताना परत द्यायचे असतात, ते पुन्हा वापरतात. लेक उठली, आत गेली आणि आपला पट्टा घेऊन आली. परत दिलाच नव्हता तिने. मी काही बोलणार होते, पण तोवर तिने तो आजीच्या मनगटात घातला होता, बांगड्यांच्या वर. लागत नव्हता, विझलेला होता. आईने हात उलटासुलटा करून बघितला आणि तसाच ठेवून पुढची शेंग उचलली.

मग मी विचारलं. म्हटलं, "आई, त्या दिवशी गच्चीवर, कावळा खरंच शिवला होता का?"

आईने शेंग फोडली, दाणे परातीत पाडले, साल माझ्या बाजूच्या ढिगावर टाकलं.

"शिवला म्हणायचं असतं गं," ती म्हणाली. "गुरुजींना अजून दोन घरं होती."